पन्नासच्या दशकातील ब्रिटिश रेडिओ-विनोद कसा ऐकावा

‘द गून शो’चे नाव ऐकून एखादा मराठी श्रोता मोठ्या उत्सुकतेने त्याचा कोणता तरी भाग लावतो आणि पाचव्या मिनिटाला बंद करतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. माझे स्वतःचेही पहिल्या वेळी तसेच झाले होते. चित्रविचित्र आवाजांचा गोंगाट, मधूनच स्फोट, मधूनच गाणे, आणि सभागृहातले लोक कशाला हसत आहेत याचा पत्ता नाही. पुढे अनेक महिन्यांनी मी दुसऱ्या वाटेने त्याच कार्यक्रमाकडे परत आलो, तेव्हा लक्षात आले की अडचण इंग्रजीची नव्हती, सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली होती. हा विनोद केवळ कानासाठी लिहिलेला आहे आणि कानाला त्याची सवय क्रमाक्रमाने लावावी लागते. तो क्रम आणि त्यासाठी लागणारी थोडी तयारी येथे मांडली आहे.

सुरुवात ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ने करावी. हा कार्यक्रम बीबीसीच्या लाइट प्रोग्राम या रेडिओ-वाहिनीवर २ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झाला आणि डिसेंबर १९५९ पर्यंत त्याच्या सहा मालिका झाल्या. त्याआधीच्या विनोदी कार्यक्रमांची घडण ठरलेली असे: थोडे प्रहसन, मग एक गाणे, मग पाहुणा कलाकार, पुन्हा प्रहसन. रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन या दोन तरुण लेखकांनी ती मोडली. क्षयरोगाच्या रुग्णालयात उपचार घेत असताना या दोघांची ओळख झाली होती. त्यांनी गाणी काढून टाकली, सुटे चुटके काढून टाकले आणि अर्धा तास एकच गोष्ट, एकाच माणसाच्या स्वभावातून निघालेली, सांगायची असे ठरवले. टोनी हॅनकॉक त्याच नावाच्या पात्राची भूमिका करतो. ईस्ट चीम या काल्पनिक उपनगरात, २३ रेल्वे कटिंग्ज या पडक्या पत्त्यावर राहणारा, स्वतःला विद्वान व कलावंत समजणारा, पण जगाने अजिबात न ओळखलेला हा गृहस्थ आहे. त्याच्याभोवती लबाड सिड जेम्स, मंदगतीचा बिल केर, १९५६ पासून सेक्रेटरीच्या भूमिकेत हॅटी जॅक्स, आणि प्रत्येक भागात वेगळ्या रूपाने येणारा केनेथ विल्यम्स. पात्रे कमी, बोलणे तुलनेने सावकाश, आणि माणसे आपल्या ओळखीची. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलेल्या घरांतील कानांना हे वळण परके वाटणार नाही.

त्यातही पहिला भाग म्हणून ‘संडे आफ्टरनून अ‍ॅट होम’ हा एप्रिल १९५८ चा भाग निवडावा. त्यात घडत काहीच नाही, आणि म्हणूनच तो निवडायचा. पावसाळी रविवारची दुपार आहे, जेवण झाले आहे, आणि चार माणसे एका खोलीत कंटाळली आहेत. सुरुवातीला एक दीर्घ सुस्कारा ऐकू येतो, मग जांभई, मग पुन्हा सुस्कारा. हॅनकॉक वेळ विचारतो, बिल सांगतो, आणि घड्याळ पुढे सरकतच नाही याची खात्री पटल्यावर पुन्हा शांतता पसरते. दुपारच्या जेवणातल्या रश्शाबद्दल तो तक्रार करतो: आपली आई वाईट स्वयंपाक करायची हे खरे, पण तिचा रस्सा निदान हलायचा तरी. पुढे तो भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीत माणसांचे चेहरे शोधू लागतो आणि इतरांनाही ते दाखवण्याचा आग्रह धरतो. हा भाग ऐकताना शब्दांकडे कमी आणि दोन शब्दांमधल्या अंतराकडे जास्त लक्ष द्यावे. रेडिओवर शांतता ही धोक्याची गोष्ट असते, कारण श्रोत्याला वाटते की प्रक्षेपण तुटले. असे असताना सुस्काऱ्यांवर आणि विरामांवर प्रसंग उभा करणे हे धाडस होते, आणि विलंबित लयीत समेवर येणाऱ्या गायकाची वाट पाहावी तशी सभागृहातील मंडळी त्या विरामांच्या शेवटाची वाट पाहतात, हे ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते.

या भागाची पूर्ण मजा येण्यासाठी एक माहिती आधी हवी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रविवारी दुकाने बंद असत, पब ठरावीक तासच उघडे असत आणि करमणुकीची साधने फारच थोडी असत. रविवार हा सुटीचा आनंदाचा दिवस अशी आपली कल्पना घेऊन ऐकले, तर हॅनकॉकचा त्रागा अनाकलनीय वाटेल. दशकाबद्दल अशा आणखी चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात. युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी रेशनिंग जुलै १९५४ पर्यंत चालू होते. त्यामुळे मांस, लोणी, अंडी यांवरचे विनोद केवळ खादाडपणाचे नाहीत. तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे आणि बहुतेक प्रौढ पुरुष युद्धात जाऊन आलेले होते. म्हणून सार्जंट, मेजर, बॅरक हे शब्द उच्चारताच सभागृह हसते. चलनात बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता आणि ही पद्धत १९७१ पर्यंत टिकली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलण्याचा हेल हाच तेथे माणसाचा दाखला असे. कोण कोणत्या शाळेत गेला, त्याचा बाप काय करत होता, हे त्याच्या पहिल्या वाक्यात कळते आणि अर्धा विनोद त्या ‘कळण्या’वर चालतो. हॅनकॉक वरच्या वर्गाचा हेल आणू पाहतो आणि रागावला की तो गळून पडतो. ती घसरण पकडता आली की आपण निम्मी वाट चाललो.

ऐकण्याची माझी पद्धत अशी आहे. एक भाग तीनदा ऐकावा. पहिल्या वेळी काहीही हाताशी न घेता, दिवे मंद करून, अर्धा तास सलग. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसावे, आणि जेथे सभागृह हसले पण आपण हसलो नाही, ती ठिकाणे मिनिट-सेकंदासह टिपून ठेवावीत. त्या टिपणांचे तीन गट पडतात. काही ठिकाणी शब्द ऐकू आलेला नसतो, काही ठिकाणी शब्द कळतो पण संदर्भ कळत नाही, आणि काही ठिकाणी विनोद दृश्य असतो. हे कार्यक्रम प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होत, आणि एखाद्या नटाने तोंड वेंगाडले किंवा संहितेचे पान हातातून पडले तरी सभागृह हसे. अशा ठिकाणी डोके शिणवू नये. पहिल्या दोन गटांचा मात्र पाठपुरावा करावा. तिसऱ्या वेळी, संदर्भ कळल्यानंतर, पुन्हा सलग ऐकावे. हे तिसरे ऐकणे टाळू नये, कारण विनोद समजणे आणि विनोदाने हसू येणे यांत अंतर आहे आणि ते तिसऱ्या फेरीतच मिटते. वेग कमी करून ऐकण्याची सोय हल्ली सर्वत्र असते, ती वापरू नये. शब्द सुटे होतात हे खरे, पण लय मोडते, आणि येथे लय हाच विनोदाचा कणा आहे. संहिता छापील मिळत असेल तर ती दुसऱ्या फेरीनंतरच उघडावी.

हॅनकॉकचे पाचसहा भाग पचल्यावर मध्ये एक पायरी घ्यावी, ती म्हणजे ‘टेक इट फ्रॉम हियर’. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांनी लिहिलेला हा कार्यक्रम १९४८ ते १९६० चालला. त्यातील १९५३ पासून सुरू झालेले ग्लम कुटुंबाचे प्रवेश तेवढे शोधून ऐकावेत. रॉन आणि एथ यांचे वर्षानुवर्षे लांबलेले वाङ्निश्चयाचे गुऱ्हाळ, आणि त्यांच्या एकांतात नेमका टपकणारा रॉनचा बाप, एवढाच मामला. मुलाचे काम करणारा डिक बेंटली हा बापाचे काम करणाऱ्या जिमी एडवर्ड्सपेक्षा वयाने तेरा वर्षांनी मोठा होता. रेडिओने चेहरा झाकला की नटाला किती मोकळीक मिळते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. (त्याच काळात ‘एज्युकेटिंग आर्ची’ हा शब्दभ्रमकाराचा कार्यक्रमही रेडिओवर लोकप्रिय होता. बाहुली दिसत नसताना लोक तिचे बोलणे आवडीने ऐकत. पण नवख्या श्रोत्याने तो नंतरसाठी ठेवावा.)

आता ‘गून शो’. २८ मे १९५१ रोजी तो ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाला आणि २८ जानेवारी १९६० रोजी त्याच्या दहाव्या मालिकेचा शेवटचा भाग प्रसारित झाला. सुरुवातीच्या चौघांपैकी मायकेल बेंटीन लवकर बाहेर पडला आणि स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स व हॅरी सीकोम हे तिघे राहिले. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर होता आणि आठवड्यामागून आठवडे तो वाहताना १९५२ च्या अखेरीस त्याचे मानसिक स्वास्थ्य इतके ढासळले की त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी वेगवेगळ्या काळात त्याला लेखनात साथ दिली.

येथे आधी आवाजांचा नकाशा पाठ करावा. सीकोमचा एकच आवाज लक्षात ठेवायचा, तो म्हणजे उंच पट्टीतला, भोळा, सहज फसणारा नेडी सीगून. सेलर्सचे चार: गुळगुळीत बोलणारा बदमाश ग्रिटपाइप-थाइन, भेकड आणि लाचखाऊ मेजर ब्लडनॉक, थरथरता म्हातारा हेन्री क्रन, आणि शाळकरी मुलगा ब्लूबॉटल. मिलिगनचे तीन: मठ्ठ पण निर्मळ एक्लिस, ग्रिटपाइपचा भुकेकंगाल फ्रेंच साथीदार मोरिआर्टी, आणि क्रनची सोबतीण मिनी बॅनिस्टर. याशिवाय निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड आहे. तो बीबीसीचा खराखुरा निवेदक होता आणि वाटेल ते वाक्य बातम्यांच्या धीरगंभीर सुरात वाचत असे. कथानक जवळजवळ नेहमी एकच असते: ग्रिटपाइप आणि मोरिआर्टी मिळून सीगूनला कशात तरी गुंतवतात. तेवढे धरून ठेवले की बाकीचा गोंधळ आपोआप सुटा होऊ लागतो. प्रत्येक भागात मॅक्स गेल्ड्रेचे माउथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनच्या चमूचे गाणे येते. ती गाळू नयेत, कारण ते अंकांमधले पडदे आहेत आणि तेवढ्यात कान विश्रांती घेतो.

पहिला भाग म्हणून ‘नेपोलियन्स पियानो’ (१९५५) घ्यावा. एक पियानो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवण्याचे पाच पौंड मिळतील या आनंदात सीगून करारावर सही करतो आणि मग त्याला कळते की पहिली खोली पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे आणि दुसरी इंग्लंडमध्ये. पुढे पियानोवर बसून इंग्लिश खाडी ओलांडणे ओघानेच आले. त्यानंतर ‘द ड्रेडेड बॅटर-पुडिंग हर्लर’ हा ऑक्टोबर १९५४ चा भाग ऐकावा. युद्धकाळातील अंधारात, समुद्रकाठच्या बेक्सहिल गावी, कोणी तरी वृद्धांना पिठाच्या पुडिंगा फेकून मारत असतो. शेवटी पुरावा म्हणून उरलेली एकमेव पुडिंग खावी की उपाशी मरावे असा पेच नायकापुढे उभा राहतो. युद्धाला दहा वर्षेही झाली नव्हती, ब्लॅकआउटची भीती सर्वांच्या अंगात होती, आणि त्या भीतीचे पुडिंगीत रूपांतर झालेले पाहून लोक हसत होते, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

गूनच्या विनोदाची जात ओळखण्यासाठी १९५७ च्या ‘द मिस्टीरियस पंच-अप-द-काँकर’ या भागातील एक छोटा संवाद पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा आहे. ब्लूबॉटल एक्लिसला किती वाजले विचारतो. एक्लिस खिशातून कागद काढतो. सकाळी एका भल्या गृहस्थाने त्यावर वेळ लिहून दिलेली असते आणि ती आठ ही असते. ब्लूबॉटल विचारतो, कोणी विचारले तेव्हा आठ वाजलेले नसतील तर? तर मी कागद दाखवत नाही, एक्लिस सांगतो. मग आठ वाजले हे तुला कळते कसे? कागदावर लिहिले आहे ना. संवाद इथेच संपत नाही, कागद कानाला लावून तो चालू आहे की बंद पडला हेही तपासले जाते. यात एकही कोटी नाही आणि एकही शब्द अवघड नाही. एक चुकीचे गृहीतक घेऊन त्यावर अत्यंत शिस्तीने तर्काचे मजले चढवत जायचे, ही पद्धत एकदा कानात बसली की इतर भागांतले वेडेपण वेडेपण राहत नाही. ब्लूबॉटलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तो संहितेतील कंसातल्या सूचनाही मोठ्याने वाचतो. म्हणजे प्रवेश करतो, टाळ्यांसाठी थांबतो, असे तो स्वतःच सांगतो. हे ठाऊक नसेल तर त्याची अर्धी वाक्ये निरर्थक वाटतात.

ध्वनिपरिणामांकडेही वेगळे लक्ष द्यावे. इतर कार्यक्रमांत दार उघडल्याचा आवाज म्हणजे दार उघडले, एवढाच अर्थ असे. मिलिगनने आवाजालाच पात्र केले. पावलांचा आवाज गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालू राहतो, किंवा कल्पनेतही न बसणारी वस्तू वेगाने निघून जाते. मोज्यात कस्टर्ड भरून फळीवर आपटल्याचा आवाज हवा म्हणून त्याने उपाहारगृहातून खरेच कस्टर्ड करवून घेतले, अशी एक आठवण नेहमी सांगितली जाते. ती शब्दशः घेतली नाही तरी त्याच्या हट्टाची जात तिच्यातून कळते. हे आवाज ऐकताना मोबाइलचा लहान स्पीकर टाळावा. ध्वनिमुद्रण ‘मोनो’, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारे, असल्यामुळे महागड्या साधनाची गरज नाही, पण खालच्या पट्टीतले आवाज हरवतील असे साधन नको.

मराठी श्रोत्याच्या हातात येथे एक जादा किल्ली आहे. टेरेन्स अ‍ॅलन ऊर्फ स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील ब्रिटिश सैन्यात होते आणि त्याच्या बालपणाचा मोठा काळ पुण्यात व पुढे रंगूनमध्ये गेला. मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानी सैन्यातला अधिकारी आहे, आणि त्याची टिंगल एका साध्या सैनिकाच्या मुलाने, खालून वर पाहत केली आहे, हे जाणवले की ती जास्त झोंबरी वाटते. शिवाय त्या दशकातील इंग्रजांच्या सैनिकी बोलीत आपल्याकडचे अनेक शब्द मुरलेले आहेत. ‘डेको’ म्हणजे देखो, ‘चार’ म्हणजे चहा, ‘ब्लायटी’ म्हणजे विलायती. वेड लागलेल्या माणसाला ते ‘डुलाली’ म्हणतात, ते तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथील छावणीत अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांची जी अवस्था होई, तिला ‘डुलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. असे शब्द कानावर पडले की ते वहीत वेगळ्या पानावर टिपावेत.

याच ठिकाणी एक इशाराही द्यायला हवा. गूनमध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही दोन भारतीय पात्रे अधूनमधून येतात, आणि सेलर्स व मिलिगन त्यांना जो हेल देतात त्यात हसण्याचा विषय आपण असतो. रे एलिंग्टनच्या वर्णावरून केलेले विनोदही आज कानाला बोचतात. ब्लडनॉकची टिंगल आणि ही टिंगल यांत फरक आहे, कारण पहिलीचा रोख सत्तेवर आहे आणि दुसरीचा नाही. मी असे भाग वगळत नाही, पण ते पहिल्या दहांत ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यक्रमाशी ओळख होण्याआधीच मन विटते, आणि ते योग्यही आहे.

भाग शोधताना शीर्षक आणि प्रसारणाची तारीख दोन्ही पाहावीत. ‘गून शो’च्या पहिल्या तीन मालिकांतील जवळजवळ काहीच उरलेले नाही. पाचव्या मालिकेपासून पुढचे भाग मोठ्या प्रमाणावर टिकले, याचे एक मोठे कारण म्हणजे परदेशी केंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसीच्या ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिसने तबकड्या काढल्या होत्या. त्या आवृत्त्यांत काही प्रसंग कापलेले असतात. म्हणून एकाच भागाच्या दोन प्रती मिळाल्या तर जास्त लांबीची घ्यावी. ‘व्हिंटेज गून्स’ या नावाने जे मिळते ते चौथ्या मालिकेच्या संहितांचे नंतर केलेले ध्वनिमुद्रण आहे, तो त्या मालिकेचा मूळ आवाज नव्हे. हॅनकॉकचेही काही भाग हरवले आहेत, पण शेवटच्या मालिकेतला ‘द पोएट्री सोसायटी’ सुदैवाने आहे. नवकवींच्या मंडळात शिरण्यासाठी धडपडणारा हॅनकॉक बाजूला पडतो आणि थट्टेने काहीबाही बरळणाऱ्या सिड आणि बिलला तेथे मान मिळतो. आपल्याकडच्या कविसंमेलनांना जाणाऱ्याने तो जरूर ऐकावा.

१९७२ मध्ये बीबीसीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त तिघे गून पुन्हा एकत्र आले आणि लंडनच्या कॅम्डन थिएटरमध्ये ‘द लास्ट गून शो ऑफ ऑल’ झाला. तो सर्वांत शेवटी ठेवावा, निदान वीस जुने भाग ऐकून झाल्यावर. संहिता म्हणून तो जुन्या उत्तम भागांच्या तोडीचा नाही. पण बारा वर्षांनी एक्लिसचा पहिला शब्द ऐकून सभागृहातून जो आवाज उठतो, तो ऐकताना आपल्यालाही तो शब्द कोणाचा हे सांगावे लागू नये, एवढी तयारी तोवर झालेली असावी.